आला, सर

"बालवाडीत तरी इतका गलका नसतो," पुण्याहून आलेल्या मॅडम शेजारच्या सदस्याच्या कानात पुटपुटल्या. गौतमीला ते ऐकू गेलं.

दौंडच्या कॉलेजात केमिस्ट्रीचं एम.एस्सी. सुरू करायचं की नाही, हे त्यांची कमिटी आज ठरवणार होती. गौतमी वरवंडची. तिला पुण्याला ठेवायची आबांची तयारी नव्हती. दौंडला झालं तर शिकायचं, नाहीतर बी.एस्सी.वर आटोपायचं.

गलका म्हणजे फराटे सरांच्या प्रयोगशाळेतली रीत. ब्युरेटच्या उभ्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं. खालच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग उमटला की सगळी रांग ओरडणार, "आला, सर!" मग सर म्हणणार, "थांबव." वर्षानुवर्षं हेच.

"आता एकटीनं कर," मॅडमनी गौतमीला पुढं बोलावलं. "बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. सर, तुम्ही नेहमीसारखं शिकवा."

सर टेबलाशी आले. चष्मा पुसला. "सोड, बाळ."

थेंब पडू लागले.

"आगं बया, आता कसं व्हायचं?" मागं रांगेतली माया कुजबुजली. समृद्धीनं तिला चिमटा काढला.

गौतमीचा हात थांबला. तिनं सरांकडं पाहिलं.

"थांबलीस का? सोड की."

मग मान खाली घालून तिनं तोटी पुन्हा फिरवली. रांगेत कुणी हललं नाही.

"बंद कर," मॅडम म्हणाल्या. "गुलाबी केव्हाच येऊन गेला. आता यात लुगडी रंगून निघतील. दिसलं नाही तुला?"

गौतमीनं तोटी बंद केली.

"हात तर थांबवला होतास. मग पुन्हा का सोडलंस?"

"चुकलं, मॅडम."

"न्हाई चुकलं तिचं," माया बोलून गेली. गौतमीनं वळून असं काही पाहिलं, की तिनं पुढचं गिळलं.

"घोळक्यानं ओरडायला शिकवलंय, बघायला नाही," मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "उद्या हे सगळं मीटरवर, कॉम्प्युटरवर येईल. तिथं ही मुलं काय करणार? मी नकार लिहिते."

फराटे सरांनी गौतमीच्या हातून फ्लास्क घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहत राहिले.

"लिहू नका, मॅडम. तिला दिसला होता," ते म्हणाले. "गुलाबी मला दिसत नाही. म्हणून पोरं ओरडतात."