काचेवरचं पाणी

गजेंद्रनं डॅशबोर्डवरचं रबरी बटण अंगठ्यानं पुन्हा दाबलं. काचेवर थेंबही आला नाही.

पंप नवा घातला होता, नळी नवी घातली होती. पन्नास वर्षांच्या त्या फियाटचं इंजिन चालत होतं, दिवे लागत होते, ब्रेक धरत होते. मागच्या खेपेला आरटीओच्या साहेबांनी ती एवढ्या एकाच कारणावरून परत पाठवली होती, की काच धुवायचं पाणी येत नाही. आज तीनला शेवटची तपासणी होती. नापास झाली तर उद्या सकाळी भंगारवाला येणार होता. पंचफुलाबाईंच्या पुतण्यानं त्याला सांगूनच ठेवलं होतं.

गाडी पंचफुलाबाईंची. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. सकाळपासून त्या गॅरेजच्या दाराशी टायरवर बसून होत्या.

“दीड वाजला, मावशी,” गजेंद्र म्हणाला. “आता पाण्याच्या डब्यापासून पुन्हा पाहतो.”

“काहून डब्यापासून?” त्या उठल्या. “सलाइन अडली तं आमी बाटली नाई पाहत. सुईपासून मागं येतो.”

“हे मोटार हाय, मावशी. पेशंट नाई.”

“सकाळपासून तुयापाशी पडून हाय. पेशंटच झाली.”

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, काचेवर पाणी उडवणाऱ्या तोटीला जोडलेली नळी काढायला लावली. “दाब आता.” नळीतून पाणी भळकन इंजिनावर सांडलं. म्हणजे अडलं होतं ते तोटीतच. बोराच्या बीएवढी, दोन भोकांची पितळी तोटी. गजेंद्रनं टाचणी उचलली. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“टोचू नको. आत ठासशीन. लिंबू आन.”

चहाच्या टपरीवरून लिंबू आलं, वाटीभर गरम पाणी आलं. त्यात लिंबू पिळून तोटी बुडवली. बारीक बुडबुडे उठू लागले. गजेंद्र घड्याळाकडे पाहत होता, पंचफुलाबाई वाटीकडे. मग त्यांनी पिशवीतून बिनसुईची सिरिंज काढली, तोटीच्या तोंडाला लावली आणि दट्ट्या हळूच दाबला. बुडातून मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा खडा त्यांच्या तळहातावर पडला.

“क्षार हाय,” गजेंद्र म्हणाला. “खारपाणपट्ट्यातलं पाणी भरलं असन कोनं.”

पंचफुलाबाईंनी बोट खड्याला लावलं आणि जिभेवर ठेवलं.

“काय खाऊन राहिल्या, मावशी?”

त्यांनी तळहात उजेडाकडे धरला.

“बाळापूरकडचं हाय,” त्या म्हणाल्या. “हापशीचं. यायनं भरलं होतं. मी म्हटलं, खारं हाय, नका भरू. तं हासले.”

त्यांचे यजमान मोतीराम जाऊन एकतीस वर्षं झाली होती, हे गजेंद्रला ठाऊक होतं. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. तो खडा त्यालाही एकदा जवळून पाहावासा वाटला. त्यानं वाकून पाहिला, हात न लावता.

मग त्यानं तोटी बसवली, नळी जोडली, बॉनेट लावलं आणि गाडीत जाऊन बसला. बटण दाबलं. आधी नुसती हवा फुसफुसली. पुन्हा दाबलं.

बॉनेटवरून दोन धारा उठल्या, दोऱ्यासारख्या बारीक, सरळ. वर जाऊन वाकल्या आणि धुळीनं माखलेल्या काचेवर फुटल्या. गजेंद्रनं पंचवीस वर्षांत शेकडो गाड्यांच्या काचांवर पाणी उडवलं होतं. तरी त्याचा अंगठा बटणावरच राहिला. वायपर एकदा फिरला. पुसलेल्या काचेतून समोर पंचफुलाबाई दिसल्या. डोक्यावर पदर घेऊन, पावलं जुळवून, ताठ उभ्या होत्या.

“अजून एकदा,” त्या म्हणाल्या.

सव्वादोन वाजून गेले होते. सकाळपासून घाई करणाऱ्या गजेंद्रनं घड्याळाकडे न पाहता बटण दाबलं.