गेल्याचा शिक्का

झांबेझी नदीकाठच्या सीमाचौकीत, परदेशातून तात्पुरत्या आणलेल्या मोटरसायकलचं परवानापुस्तक उघडून अधिकारी मुटिंटा खिडकीपलीकडच्या केनियन म्हाताऱ्यावर डाफरली, "बाबा, गाडी मुलीनं आणली ना? मग तिनंच न्यायची. पाठवा तिला." म्हाताऱ्याने मृत्यूचा दाखला पुढे केला. "मार्चमध्ये ट्रकनं उडवलं तिला. शवपेटीतून विमानानं नेली. गाडी इथंच अडकली." मुटिंटाने पुस्तकात गाडी देशाबाहेर गेल्याचा शिक्का मारला. "सुटली गाडी." त्याने मुलीचा पासपोर्ट सरकवला. "आता हिलाही सोडा." त्यात देशात आल्याचा शिक्का होता, गेल्याचा नव्हता. "विमानतळावर कुणी मारला नाही?" "पेटीला कसला पासपोर्ट, म्हणाले." "माणूस समोर असल्याशिवाय मलाही नाही मारता येत, बाबा." तिने ओशाळून संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. लाल अक्षरांत मुलीचं नाव, पुढे शेरा: राहण्याची मुदत संपली, व्यक्ती देशातच, शोध घ्यावा. म्हाताऱ्याने हेल्मेट चढवलं. "घ्या की शोध. सापडली तर मला कळवा."