सासूबाईंची साक्ष

कोर्टाच्या दारातून सासूबाई आत येताना लिएनने पाहिलं.

"ह्या कशाला आल्या?" तिने शेजारी बसलेल्या प्यो वकीलबाईंचा हात घट्ट धरला. "मुलाची बाजू घ्यायला?"

"मीच बोलावलंय," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "किती खेटे घातले त्यांच्या गावी! आधी दारच लावून घ्यायच्या. शेवटच्या खेपेला हो नाही की नाही नाही, नुसत्या कालवं फोडत बसल्या. येतील असं मलाही वाटलं नव्हतं."

लिएन व्हिएतनामची. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन दक्षिण कोरियात, तोंगयोंगजवळच्या कोळ्यांच्या वस्तीत आली. नवरा ब्योंगगुक प्यायला की हात उचलायचा. शेवटी ती घराबाहेर पडली. घटस्फोट झाला आणि व्हिसा वाढवून घ्यायला गेली, तर सरकारी कचेरीतून नकार मिळाला. संसार नवऱ्यामुळे मोडला हे सिद्ध कर, नाहीतर मायदेशी जा. सिद्ध कसं करायचं? मार खाऊन ती कधी दवाखान्यात गेली नव्हती. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. त्या नकाराविरुद्ध प्यो वकीलबाई एक पैसा न घेता कोर्टात जीव तोडून लढत होत्या, पण साक्षीदाराशिवाय त्या तरी काय करणार?

आणि सासूबाई? इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एक गोड शब्द नाही. सुनेला सतत नावं ठेवायच्या: हिचं किमचीचं लोणचं खारट, चाल हळू, बोलणं बोबडं. लिएन घर सोडून निघाली तेव्हा त्या अंगणात पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळूनही पाहिलं नव्हतं.

आता पुढे जाता जाता त्या तिच्यापाशी थबकल्या.

"काटकी झालीस नुसती. जेवतेस की नाही?"

उत्तराची वाट न बघता त्या साक्षीदाराच्या जागी जाऊन बसल्या. शपथ घेतली. मग कोणी विचारायच्या आतच बोलायला लागल्या.

"माझ्या मुलाने हिला मारलं. प्यायला की मारायचा. केस धरून अंगणात ओढायचा. भिंतीपलीकडे सगळ्यांना ऐकू जायचं. हिची काही चूक नव्हती."

सरकारी वकील उठला. "आजी, हे सुनेने पढवून आणलंय का? पोटच्या मुलाविरुद्ध कोणती आई बोलते?"

सासूबाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"खोटंच बोलायचं असतं, तर मुलासाठी बोलले असते ना, बाबा?"

वकील खाली बसला. न्यायाधीशबाई लिहायच्या थांबल्या आणि त्यांनी मान वर केली.

निकाल पुढे पानगळीत लागला. लिएनला राहायची परवानगी मिळाली, ती या एका साक्षीवर. पण त्या दुपारी कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघींपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हतं. लिएन सासूबाईंपुढे कमरेत वाकली.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "आता तुम्ही घरी गेलात की तो..."

"घरी कोण जातंय?" सासूबाईंनी पहारेकऱ्यापाशी ठेवलेलं आपलं बोचकं उचललं. "तुझ्या खोलीत दोन अंथरुणं मावतात ना?"