नळावरचा हात

दर शनिवारी मी आमच्या शॉमबर्गच्या गॅरेजमध्ये बिअर बनवायचो. उकळलेलं मिश्रण पटकन थंड करायला भांड्यात सोडलेल्या तांब्याच्या नळीतून गार पाणी खेळवावं लागतं. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा स्टुलावर बसून, थर्मामीटर बघत त्या पाण्याचा नळ कमी-जास्त करायचे. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. नळावर हात ठेवून ते कालव्यांच्या, साहेबांच्या गोष्टी सांगायचे, माझ्या ऑफिसचं विचारायचे. एरवी आठवडाभर माझे कॉल्सच संपायचे नाहीत.

पण जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाला आपण त्या वासात बसवतो, याची मला लाज वाटायची. म्हणून सेन्सर आणि मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह मागवला, तीन वीकेंड खपून सगळं ऑटोमॅटिक केलं.

"बाबा, आता तुम्हाला इथं बसायची गरज नाही. आत निवांत टीव्ही बघा."

व्हॉल्व्ह आपला आपण फिरताना त्यांनी थोडा वेळ पाहिला. "छान जमलंय रे," म्हणाले आणि आत गेले.

पुढच्या शनिवारी मी फोनवर पाण्याचे आकडे बघत, मागच्या महिन्यात बनवलेली बिअर ग्लासात ओतत होतो. दार उघडलं. बाबा उभे होते, हातात त्यांचं पाणी प्यायचं फुलपात्र.



"घोटभर मलाही ओत. मग बसलो तर चालेल ना इथं?"