साहेबाची कॉट

उंब्रजच्या हरणाबाईचा कृष्णात पलटणीतून रजेवर आला, की मायलेकरांचं एकच भांडण ठरलेलं.

"आये, साहेब कॉट म्हंतोय नव्हं, ती आपलीच खाट हाय. आपलाच शबूद उचलून नेलाय त्यानं."

"गप रं मुडद्या. साहेबाला काय शबदांचा दुष्काळ पडलाय? कॉट साहेबाचीच."

एवढं ऐकलं की तो उंबऱ्यावरनं उठून थेट चुलीपुढं यायचा आणि तिच्या पुढ्यातली भाकरी तोडत तावातावानं वाद घालायचा.

ब्रह्मदेशाच्या लढाईवरनं मात्र कृष्णात आला नाही, तार आली. दहाव्याला कृष्णाकाठी पिंड ठेवला, तर कावळा बाभळीवरनं हलेना. पोराचा जीव कशात अडकला कुणाला कळेना. भावकीनं बायकोला सांभाळायचं कबूल केलं, लेकराला शिकवायचं कबूल केलं, कावळा ढिम्म.

शेवटी जन्मात कुणापुढं न वाकलेल्या हरणाबाईनं हात जोडले. "तू जिकलास, बाबा. कॉट म्हंजी आपलीच खाट."

कावळ्यानं मान फिरवली, जणू ही बाई त्याच्या ओळखीचीच नव्हती.

हरणाबाई उठली. तिनं डोळं पुसलं, पदर खोचला आणि बाभळीकडं बघून खेकसली, "गप रं मुडद्या. कॉट साहेबाचीच."

 

कावळा थेट तिच्या पुढ्यात उतरला आणि त्यानं पिंडाचा घास तोडला.