सरनीची अकरा झाडं

"पाणी मुळाशी सोड. पानांवर उडवू नको," तापे राम कुंपणाबाहेरून म्हणाला.

"बरं, जेठजी," आतून सरनीचा आवाज आला.

तो थोरला दीर, ती धाकटी भावजय. या खोऱ्यात जेठ भावजयीच्या परसात पाऊल टाकत नाही, आणि ती त्याला तोंड दाखवत नाही. भांगेचं पीक तापे रामचं होतं, पण पटवाऱ्याच्या कागदावर शेत सरनीच्या नवऱ्याचं, धाकट्या लोतमचं निघालं. पोलिसांनी विचारलं तेव्हा यानं सरळ भावाकडे बोट दाखवलं. लोतमला सात वर्षांची सजा. तेव्हा याला काही वाटलं नाही. पण भावजयीच्या परसात शिरायचं म्हणजे पाप! अशी ही मर्यादा.

सरनी कधीतरी तोंड उघडेल, ही धास्ती मात्र त्याला होती. म्हणून वैशाखात तिनं "वकिलासाठी थोडी झाडं लावते, मला यातलं काही कळत नाही, शिकवा" असा निरोप धाडला, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तीही याच चिखलात उतरली, आता बोलते कशाला?

मग त्यानं हात आखडता घेतला नाही. दोन वर्षं कुजलेलं मेंढ्यांचं खत पाठीवरच्या टोपलीतून आणून कुंपणाशी ओतलं. आपल्या पाळीचं पाटाचं पाणी तिच्याकडे वळवलं.

"बोटभर माती सुकली की मगच पाणी. रोज पाजशील तर मुळं सडतील. चुलीची राख घाल, पण मूठभरच."

"तुमच्या भावाला एवढं शिकवलं असतंत तर..."

"त्याला डोकं कुठं होतं!"

"नव्हतंच," सरनी म्हणाली.

श्रावणात त्यानं दोन फांद्या कुंपणावरून आत फेकल्या.

"गोंडे लोंबतात तो नर. पांढरे केस फुटतात ती मादी. नर दिसला की उपटायचा. एक जरी फुलला, तरी वारा त्याची धूळ नेतो आणि खालचं सगळं बियांवर जातं. मग कितीही मळलं तरी हाताला चरस चिकटत नाही."

खाली त्याची स्वतःची सहा शेतं होती. रोज सकाळी ओळीओळीनं तो नर हुडकत फिरे. यंदाचा सगळा माल त्यानं एका व्यापाऱ्याला कबूल केला होता. शब्द मोडला तर माणसाचा पाय मोडणारा तो व्यापारी.

आठ दिवसांनी त्यानं हाक दिली. "काय गं बहू, उपटलेस?"

"तुम्ही दाखवलंत तसं ओळखून. चाळीस होती, अकरा ठेवली."

"अकराच? फुटकं नशीब तुझं! असो. ठेवलीस ती नीट पोस."

त्या दिवशी त्यानं आणखी दोन टोपल्या खत ओतलं. परसाभोवती तिनं दाट मका लावला होता, आतलं पानही दिसत नव्हतं. आपली शिष्या तयार झाली, असं त्याला वाटलं.

भादव्यात एका दुपारी तो शेतात उभा होता. वरून वारा उतरला. पानांवर पिवळी धूळ बसली. त्यानं बोट फिरवून पाहिलं. नराचीच धूळ. खाली त्याच्या शेतांत एकही नर नव्हता. सकाळीच पाहिलं होतं.

"त्या गाढवीचा एखादा नर राहिलाय!"

तो धापा टाकत चढला. मर्यादा गेली चुलीत. कुंपणावरून उडी मारून तो मका मोडत आत घुसला.

सरनी पाणी घालत होती. डोकं उघडं. तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

"कुठाय तो? दाखव, आत्ता उपटतो!"

तिनं बाजूला होऊन वाट दिली. झाडं अकरा होती, हिरवीगार, माणसाच्या वर गेलेली. अकराच्या अकरा झाडांना गोंडे लोंबत होते. भिंतीशी ढीग होता तो उपटून वाळवलेल्या एकोणतीस माद्यांचा.