लाकडाचा कान

"नियम म्हणजे नियम, शार्शेनदादा," संगीत शिकवणारी उलकान म्हणाली. "पाच वर्षांखालचं मूल एकटं शिकत नाही. घरातलं मोठं माणूस शेजारी बसणार, तेही हातात कोमुझ घेऊन."

शार्शेन दारातच थबकला. आत भिंतीशी तीन तारांची कोमुझं रांगेत उभी होती. सुनेने अर्जावर नातीच्या, बेगाइमच्या नावाखाली त्याचंच नाव लिहून टाकलं होतं. सून बेकरीत कामाला, मुलगा ट्रकवर. मग उरलं कोण?

"माझा कान लाकडाचा आहे," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांनीच सांगितलंय. याच खोलीत."

बेगाइमने त्याचा कान ओढून पाहिला. "खोटं! मऊ आहे!"

मुलांना घेऊन बसलेल्या आया हसल्या. त्याला आत यावंच लागलं.

सहा वर्षांचा असताना तो इथे महिनाभर आला होता. थोरला भाऊ इथेच शिकून कोमुझ घेऊन राजधानीत, फ्रुंझेला गेला होता आणि तिथलाच झाला होता. आपणही जायचं, हे शार्शेनने ठरवूनही टाकलं होतं. मग एका सकाळी उलकानचे वडील, ओमुर्झाक मास्तर, सगळ्यांदेखत म्हणाले, "या पोराचा कान लाकडाचा. मेंढ्यांमागे पाठवा याला."

घरी आईने त्याला कुशीत घेतलं. कढईत तळलेले कणकेचे गरम बोरसोक त्याच्या ओंजळीत घातले. "रडू नकोस रे. मेंढ्यांना कुठे सूर कळतो?"

त्याने जन्मभर मेंढ्या राखल्या. लग्नात गाणं सुरू झालं की तो घोडे बघायला म्हणून बाहेर पडे. स्वतःच्या पोरांना त्याने कधी अंगाईही म्हटली नाही.

आता दर शनिवारी तो कोमुझ धरून बसू लागला, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा, अवघडून. बेगाइम मात्र खुशीत असे. घरी ती टेबलावर, पातेल्यावर, आजोबांच्या गुडघ्यावर ताल धरायची.

पाचव्या शनिवारी तिची बोटं तारांवर अडखळली. "आजोबा, तुम्ही दाखवा ना!"

त्याने दाखवलं. हात तिथे थांबला नाही. धड्यातून निघून तो एका जुन्या धुनेत शिरला. खोलीतल्या पोरांची बोटं आपापल्या तारांवरच थांबली.

शिकवणी सुटल्यावर उलकानने त्याला चहाला थांबवलं. बेगाइम अंगणात खेळत होती.

"ही धून कुठे शिकलास?"

"थोरला वाजवायचा. साठ वर्षं झाली. चुकलीच असणार."

"एक सूर चुकला नाही."

शार्शेन मोठ्याने हसला. "म्हणजे तुझे वडील चुकले म्हण की!"

उलकानने चहाची वाटी खाली ठेवली.

"बाबा चुकले नव्हते, दादा. आदल्या संध्याकाळी तुझी आई आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. मी चुलीपाशी होते. ती म्हणाली, 'मास्तर, एक पोरगा तुम्ही नेलात. हा तरी माझ्याजवळ राहू द्या.'"